एकच ब्रिटिश विनोदी चित्रपट बघायचा, तर कुठला?

भाची पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला शिकायला चालली आहे. परवा जेवताना म्हणाली, "मामा, तिकडची माणसं कशी असतात त्याचा अंदाज येईल असा एक सिनेमा सांग. पण हसायला येणारा हवा, माहितीपट नको." मी सांगायला लागलो आणि बोटांवर आठ नावं झाली. तिने हातच जोडले. "एक सांग, मामा. फार तर दोन."

मग आठवडाभर मी ते आठही चित्रपट पुन्हा पाहिले. एकेकटा पाहिला की प्रत्येक वेळी वाटायचं, हाच सांगावा. दोन-दोन शेजारी ठेवल्यावर मात्र निवड जमू लागली, कारण सगळे एकाच प्रश्नावरून एकमेकांशी वाद घालत होते: 'आम्ही' म्हणजे नेमके कोण? म्हणून इथे जोड्या लावल्या आहेत. परदेशी निघालेल्या कुणाला किंवा घरी बसून नुसता एक चांगला चित्रपट बघायचा असलेल्यालाही त्यांचा उपयोग होईल.

आधी एका पाटीबद्दल सांगतो. पश्चिम लंडनमधला ईलिंग स्टुडिओ १९५५ साली बीबीसीला विकला गेला. तो चालवणारे निर्माते मायकेल बाल्कन यांनी तिथे एक पाटी लावून घेतली होती. तिचा आशय असा, की इथे पाव शतकभर ब्रिटन आणि ब्रिटिश स्वभाव मांडणारे अनेक चित्रपट तयार झाले. कमाईचा उल्लेख नाही, बक्षिसांचा नाही, स्वभावाचा आहे. बाल्कन स्वतः बर्मिंगहॅमचे, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. भाचीला मी हे मुद्दाम सांगितलं. ती ज्या शहरात चालली आहे तिथल्याच एका स्थलांतरितांच्या मुलाने 'ब्रिटिश स्वभाव' जगाला दाखवायचं काम अंगावर घेतलं होतं. पुढच्या नावांमध्येही बाहेरून आलेली माणसं बरीच भेटतील, आणि या चित्रपटांना ब्रिटिश माणसाच्या सवयी इतक्या बारकाईने का दिसतात याचं एक कारण मला तिथेच सापडतं.

लंडनची गल्ली की स्कॉटलंडचं बेट?

पहिली जोडी १९४९ ची. 'पासपोर्ट टू पिमलिको' आणि 'व्हिस्की गलोर'. दोन्ही ईलिंगचे, दोन्ही जेमतेम दीड तासाचे, आणि दोन्हींत लहानशी वस्ती सरकारी नियमांसमोर पाय रोवून उभी राहते. पण भाचीला दोन्हींत तोच स्वभाव दिसेल असं समजू नये.

लंडनच्या पिमलिको वस्तीत महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब शांततेच्या काळात फुटतो. खड्ड्यात खजिना सापडतो आणि त्यासोबत एक जुनी सनद. पंधराव्या शतकात चौथ्या एडवर्ड राजाने ही जागा बर्गंडीच्या ड्यूकला दिली आणि ती देणगी पुढे कुणी रद्द केलीच नाही. म्हणजे कायद्याने ही गल्ली इंग्लंडमध्ये नाहीच. हे लक्षात येताच पबमध्ये जमलेली मंडळी रेशनची पुस्तकं आणि ओळखपत्रं फाडून टाकतात, आणि पब बंद करायची वेळ झाली तरी पेले भरतच राहतात.

रेशनची पुस्तकं फाडणं म्हणजे काय, हे समजायला तो काळ माहीत हवा. युद्ध जिंकून चार वर्षं होत आली होती आणि ब्रिटन अजून कूपनांवर जगत होता. युद्धात कधी मोजून न मिळालेला पाव १९४६ साली शांततेत रेशनवर आला. कपड्यांची कूपनं मार्च १९४९ मध्ये संपली, हा चित्रपट त्यानंतर दीड महिन्यात लागला. त्याची सुरुवातच कूपनांना वाहिलेल्या श्रद्धांजलीने होते. खाण्यापिण्याचं रेशनिंग पूर्ण संपायला १९५४ उजाडलं. आपल्याकडेही रेशनच्या रांगेत उभं राहिलेली पिढी अजून घराघरात आहे. तिला हा आनंद वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

स्वातंत्र्य मिळतं आणि लगेच त्याचा हिशेब सुरू होतो. नियम नाहीत म्हटल्यावर काळाबाजारवाले गल्लीत ठाण मांडतात. सरकार काटेरी तारा लावून सीमा बंद करतं, पाणी तोडतं. गल्लीवाले उलट भुयारी रेल्वे अडवून प्रवाशांचं सामान तपासतात. उपासमारीची वेळ येते तेव्हा तारेपलीकडचे लंडनकर खाण्याचे पुडे फेकतात, हेलिकॉप्टरमधून नळीने दूध सोडलं जातं, पॅराशूटने डुक्कर उतरतं. प्रेक्षकाला हे बघताना बर्लिन आठवत असणार. रशियाने केलेली त्या शहराची नाकेबंदी चित्रपट लागला तेव्हा अजून उठलेली नव्हती आणि खऱ्या विमानांतून खरं अन्न उतरवलं जात होतं.

मला यातला एक संवाद फार मोलाचा वाटतो. एक बाई खिडकीतून सुनावते, की आम्ही इंग्लिशच होतो, इंग्लिशच राहणार, आणि इंग्लिश आहोत म्हणूनच बर्गंडियन असण्याच्या हक्कासाठी भांडतोय. या एका वाक्यात हट्ट आहे, कायद्यावरचा विश्वास आहे आणि सरकारवरचा राग आहे. गल्ली फुटून निघते ती कायद्याचं बोट धरूनच. कुणी बंदूक काढत नाही, सनदेचा कागद पुढे करतं. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क यांना ही कल्पना युद्धकाळातल्या एका बातमीवरून सुचली होती. हॉलंडची राजकन्या ज्युलियाना कॅनडात आश्रयाला असताना १९४३ मध्ये तिचं बाळंतपण झालं, तेव्हा बाळ परक्या भूमीवर जन्मलं असं होऊ नये म्हणून इस्पितळातल्या खोल्या कॅनडाच्या हद्दीबाहेरच्या ठरवल्या गेल्या. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले. युरोपीय संघ सोडायचा का यावरच्या २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनमध्ये अनेकांनी या चित्रपटाची आठवण काढली, ती दोन्ही बाजूंनी. फुटून निघणाऱ्यांना त्यात धाडस दिसलं, राहू म्हणणाऱ्यांना फुटण्याची किंमत. चित्रपटात दोन्ही आहे.

आता बेटाकडे. आपण मराठीत स्कॉटिश, वेल्श, इंग्लिश सगळ्यांनाच 'इंग्रज' म्हणून मोकळे होतो. 'व्हिस्की गलोर' बघितल्यावर ही सवय सुटते. १९४१ मध्ये 'पॉलिटिशियन' नावाचं मालवाहू जहाज एरिस्के बेटाजवळ खडकावर अडकलं आणि त्यात व्हिस्कीच्या अडीच लाखांहून अधिक बाटल्या होत्या, ही खरी घटना. लोकांनी शक्य तेवढ्या काढून नेल्या, काहींना त्यासाठी तुरुंगातही जावं लागलं. कॉम्प्टन मॅकेंझी यांनी त्यावर कादंबरी लिहिली आणि ईलिंगने शेजारच्या बॅरा बेटावर जाऊन चित्रण केलं. पडद्यावर बेटाचं नाव टॉडे. व्हिस्की संपल्यामुळे सुतक लागलेलं हे बेट, जहाज अडकल्याची बातमी येताच उठून बसतं. होड्या निघणार, एवढ्यात घड्याळात बाराचे ठोके पडतात. रविवार सुरू झाला. सब्बाथच्या दिवशी काम करायचं नाही. समोर बाटल्यांनी भरलेलं जहाज आणि माणसं चोवीस तास मुकाट्याने वाट बघतात. सरकारचा कायदा मोडायला निघालेली माणसं देवाचा नियम मोडत नाहीत. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही वर्णनापेक्षा हा प्रसंग जास्त सांगतो.

त्यांच्या आड येणारा कॅप्टन वॅगेट हा बेटावरचा इंग्लिश गृहस्थ, होमगार्डचा प्रमुख. तो दुष्ट नाही. नियम म्हणजे नियम, एवढंच त्याचं म्हणणं. सेटवरही या माणसावरून मतभेद होते. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये जन्मलेले, ग्लासगोत वाढलेले. त्यांना वॅगेटचा कडक नीतिवाद जवळचा वाटत होता. रशियात जन्मलेले ज्यू निर्माते मोन्या डॅनिशेव्स्की बेटकऱ्यांच्या बाजूने होते. चित्रपट हसवतो आणि तरीही वॅगेटची थोडी कीव येते, ती या ओढाताणीमुळे.

दोन्हींत फरक असा, की पिमलिकोला रागावून बाहेर पडायचं आहे आणि मनातून परत यायचं आहे. टॉडे लंडनच्या 'आम्ही'मध्ये मुळात कधी नव्हतंच. एडिंबरा किंवा ग्लासगोला निघालेल्याने बेट निवडावं. घरात सगळे मिळून बघणार असाल तरी बेटच, कारण अर्धा विनोद बाटल्या लपवण्यात आहे आणि त्याला भाषा लागत नाही. इंग्लंडला निघालेल्याने आधी पिमलिको.

सभ्य खुनी आणि वाकडं घर

दुसऱ्या जोडीत दोन्हीकडे गुन्हेगार आहेत आणि दोन्हीकडे बोलण्या-वागण्यात कमालीची अदब आहे. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हाही १९४९ चाच. लुई माझिनीच्या आईने उमराव घराण्याला न विचारता एका इटालियन गायकाशी लग्न केलं म्हणून घराण्याने तिचं नाव टाकलं, मेल्यावर घराण्याच्या दफनभूमीत जागाही दिली नाही. लुई ठरवतो, की ड्यूकच्या गादीपर्यंत वाटेत जितके वारस आहेत तितके दूर करायचे. त्या घराण्यातल्या आठ जणांचं काम अॅलेक गिनेस एकटे करतात: पाद्री, आरमारी अधिकारी, सेनानी, मताधिकारासाठी लढणारी बाईसुद्धा. एकाच नटाने सगळे केल्यामुळे वरच्या वर्गात माणसं वेगळी नसतात, कपडे आणि पदव्या तेवढ्या वेगळ्या असतात, हे कुणी न बोलता कळतं.

दिग्दर्शक रॉबर्ट हेमर यांनी आवाज कुठेही चढू दिलेला नाही. खुनाची हकीकत लुई चहाच्या निमंत्रणासारख्या भाषेत सांगतो. सुरुवातीलाच जल्लाद चिंतेत आहे, कारण फाशी जाणारा ड्यूक आहे आणि त्याला कुठल्या उपाधीने हाक मारायची याची रीत चुकता कामा नये. लुईचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, त्याच्या बरोबरीच्या उमरावांसमोर चालतो. हा विशेषाधिकार ब्रिटनने खरोखर १९४८ साली, म्हणजे चित्रपटाच्या आदल्या वर्षी, रद्द केला. जे आत्ताच गेलं त्याच्याकडे मागे वळून बघणारा हा चित्रपट आहे. शेवटाकडे एका बालगीतात वांशिक अपशब्द येतो. त्या काळी तो सहज बोलला जाई. आज कानाला टोचतो. आधी सांगून ठेवलेलं बरं.

'द लेडीकिलर्स' १९५५ चा, रंगीत, ईलिंगच्या अखेरच्या दिवसांतला. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे, रेल्वेच्या बोगद्यावर मिसेस विल्बरफोर्स या विधवा बाईंचं घर आहे. बॉम्बवर्षावाने जमीन खचली, त्यामुळे घर तिरकं झालं आहे. भिंतीवरची चित्रं सरळ राहत नाहीत. बाईंचा नवरा जहाजाचा कप्तान होता, चीनच्या समुद्रात जहाजाबरोबर बुडाला, पण त्याआधी पोपटांना वाचवून गेला. त्यातल्या एका पोपटाचं नाव जनरल गॉर्डन. या घरात पाच दरोडेखोर भाड्याने खोली घेतात आणि संगीताचा सराव करतो म्हणून सांगतात. वरच्या खोलीत बोकेरिनीच्या मिन्युएटची तबकडी वाजते, खाली बाई मन लावून ऐकतात आणि दर थोड्या वेळाने चहा घेऊन वर जातात.

हा चित्रपट मी कितीदा पाहिला ते मोजलेलं नाही. बाईंकडे बळ नाही, पैसा नाही, कुणी त्यांचं ऐकत नाही. पोलीस ठाण्यात त्या गेल्या की हवालदार प्रेमाने त्यांची समजूत काढून परत पाठवतात. आणि तरी पाच धटिंगण त्यांच्यासमोर शाळकरी पोरांसारखे उभे राहतात. चोरीचे पैसे आहेत हे कळल्यावर त्या घाबरत नाहीत, रागावतात: परत देऊन या. त्यांच्या जुन्या मैत्रिणी चहाला येतात तेव्हा गुंडांना कप-बशा हातात धरून सगळ्यांशी गोड बोलावं लागतं. बाई एकदा आपल्या एकविसाव्या वाढदिवसाची आठवण सांगतात. संगीत चालू होतं, कुणीतरी आत आलं आणि म्हणालं, म्हातारी राणी गेली. म्हणजे साल १९०१, व्हिक्टोरियाचं निधन, आणि ही बाई त्या राज्यातली शेवटची तरुण मुलगी.

मॅकेंड्रिक यांनी या कथेकडे युद्धानंतरच्या इंग्लंडच्या अवस्थेवरची गोष्ट म्हणूनच पाहिलं होतं. वाकडं घर म्हणजे देश. बाई म्हणजे त्याची जुनी रीत, जिच्या मागे आता सत्ता उरलेली नाही. आणि पाच गुंडांमध्ये प्रोफेसर आहे, मेजर आहे, मुष्टियोद्धा आहे, भडक कपड्यातला पोरगा आहे, परदेशी आहे, म्हणजे समाजाचे सगळे थर आले. पटकथा लिहिणारे विल्यम रोझ अमेरिकन होते, युद्धानंतर इंग्लंडमध्ये राहिलेले. मिसेस विल्बरफोर्सचं काम केटी जॉन्सन यांनी केलं, वय सत्तरीच्या पुढे, आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम ब्रिटिश अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार त्यांनाच मिळाला.

'काइंड हार्ट्स' जास्त धारदार आहे, हे मान्य. पण त्यातला विनोद वाक्यरचनेत दडलेला आहे. जुनं, घडीव इंग्रजी पटकन पचत नसेल तर निम्मा हातून जातो. त्यात माणसांबद्दल मायाही नाही. 'लेडीकिलर्स'मध्ये आहे. उत्तम चित्रपट कुठला एवढंच कुणी विचारलं तर आठांमधून मी हाच पुढे करीन.

पांढरा सूट आणि संप

तिसरी जोडी ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात किंवा गिरणीत होतं त्यांच्यासाठी. 'द मॅन इन द व्हाइट सूट' १९५१ चा, पुन्हा मॅकेंड्रिक, पुन्हा गिनेस. उत्तर इंग्लंडच्या कापड गिरण्यांमधला एक रसायनवेडा तरुण असं कापड शोधून काढतो जे मळत नाही आणि फाटत नाही. सगळ्यांनी आनंदून जायला हवं. पण गिरणीमालकांना वाटतं, एकदा घेतलेला कपडा जन्मभर टिकला तर विकायचं काय, आणि कामगारांना वाटतं, मग विणायचं काय. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे रात्री त्याच्या मागे धावतात. त्या धावपळीत त्याला घरमालकीण भेटते आणि साधा प्रश्न विचारते: धुवायला कपडेच उरले नाहीत, तर माझ्या धुण्याच्या कामाचं काय? तोवर आपण पूर्णपणे त्या तरुणाच्या बाजूने असतो. या एका प्रश्नाने मन दोन्हीकडे ओढलं जातं. लालबाग-परळमध्ये गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या माणसाला तिथे हसू येणार नाही, आणि चित्रपटालाही तिथे हसवायचं नाही.

'आय अॅम ऑल राइट जॅक' १९५९ चा, बोल्टिंग या जुळ्या भावांचा. इथे माया आटलेली आहे. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात मालक लबाड, युनियन आळशी आणि दोघांचं साटंलोटं. पीटर सेलर्स यांनी केलेला कामगार पुढारी फ्रेड काइट मात्र विसरता येत नाही. रशियाचं नाव निघालं की त्याच्या डोळ्यांसमोर गव्हाची शेतं आणि संध्याकाळचा बॅले येतो. या भूमिकेला बाफ्टा मिळाला. पुढे महात्मा गांधींवरचा चित्रपट करणारे रिचर्ड अॅटनबरो इथे एका भामट्या कारखानदाराच्या भूमिकेत आहेत. दहा वर्षांत पिमलिकोची एकजूट जाऊन 'माझं भागलं, बाकीच्यांचं ते बघतील' इथवर देश आला, असं हा चित्रपट म्हणतो. शीर्षकाचा अर्थच तो. मला तो कामगारांवर अन्यायही करतो असं वाटतं. मालकाच्या लबाडीला चातुर्य म्हणून दाद मिळते, कामगाराच्या चुकीला फक्त हसू. या जोडीत पांढरा सूट निवडावा.

साम्राज्यावर हसणारे दोघे

भारतीय प्रेक्षकाला सगळ्यात अवघड वाटेल ती ही जोडी.

'कॅरी ऑन' मालिकेत १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत तीस चित्रपट निघाले. निर्माते पीटर रॉजर्स, दिग्दर्शक जेराल्ड थॉमस, ठरलेला नटसंच, कमी खर्च, आणि समुद्रकिनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या चावट पोस्टकार्डांच्या जातीचा विनोद. ईलिंगचा प्रेक्षक आणि हा प्रेक्षक यांत वर्गाचा फरक होता, आणि इस्पितळ, शाळा, पलटण असल्या रोजच्या संस्थांवर हसणारी ही मालिका सामान्य ब्रिटिश माणसाने आपली मानली. त्यातला १९६८ चा 'कॅरी ऑन अप द खैबर' घडतो १८९५ च्या हिंदुस्थानात. खैबर खिंड म्हणून जे दिसतं ते वेल्समधलं स्नोडोनिया आहे, आणि हिंदुस्थानी म्हणून दिसणारे गोरे नट आहेत, तोंडाला रंग फासलेले. ते बघवत नाही. मी दर वेळी अस्वस्थ होतो आणि भाचीने त्यासाठी हा चित्रपट टाळला तर मी तिला आग्रह करणार नाही.

पण त्यात एक प्रसंग आहे. गव्हर्नरच्या बंगल्यावर तोफांचा मारा चालू आहे आणि आत रात्रीचं जेवण चालू आहे. छताचा गिलावा ताटात पडतो, भिंती कोसळतात, वादक वाजवत राहतात, आणि मंडळी काहीच घडत नसल्यासारखी गप्पा मारतात. घाबरलेला असतो फक्त एक पाद्री, आणि शेवटचं वाक्यही त्याचंच: ही सगळी ठार वेडी आहेत. १९६८ चा जानेवारी आठवा. पौंडाचं अवमूल्यन होऊन दोन महिने झालेले, आणि ब्रिटनने सुएझ कालव्याच्या पूर्वेकडच्या तळांवरून फौजा मागे घ्यायचं जाहीर केलेलं. त्या वर्षी देशप्रेमाची एक मोहीम चालली होती, तिचं घोषवाक्य चित्रपटाच्या शेवटी युनियन जॅकवर लिहिलेलं दिसतं. छत पडत असताना सूप पीत राहण्याचं कौतुकही आहे आणि त्यातला वेडेपणाही दाखवलेला आहे.

'लाइफ ऑफ ब्रायन' १९७९ चा, मॉन्टी पायथन या विनोदी नटांच्या चमूचा. पैसे देणाऱ्या कंपनीने ऐनवेळी माघार घेतली तेव्हा बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसननी पैसा उभा केला. गोष्ट येशूच्या काळातल्या, रोमन अंमलाखालच्या ज्यूडियातली, म्हणजे जेरुसलेमच्या परिसरातली. ब्रायन नावाच्या साध्या माणसाला लोक तारणहार समजून बसतात. ब्रिटनमध्ये अनेक नगर परिषदांनी, आणि आयर्लंड व नॉर्वे या देशांनी त्यावर बंदी घातली, धर्माचा अपमान म्हणून. मला तो धर्मापेक्षा कळपाबद्दल बोलतो असं वाटतं. पण आपल्या विषयासाठी त्यातले दोन प्रसंग महत्त्वाचे. ब्रायन रात्री भिंतीवर 'रोमन चालते व्हा' असं लॅटिनमध्ये लिहितो, रोमन शिपाई पकडतो, आणि शिक्षा काय तर व्याकरण चुकलं म्हणून कान धरून तेच वाक्य शंभरदा लिहायला लावतो. तो शिपाई रोमन नाहीच, इंग्लिश शाळेतला लॅटिनचा मास्तर आहे. दुसरा प्रसंग गुप्त बैठकीचा. पुढारी विचारतो, रोमनांनी आपल्याला दिलं तरी काय? कुणीतरी हळूच म्हणतं, पाण्याचे कालवे. मग सांडपाण्याची व्यवस्था, मग रस्ते, मग शिक्षण, अशी यादी लांबतच जाते.

आपण हा वाद जन्मभर ऐकला आहे. रेल्वे दिली, टपाल दिलं, कायदा दिला. ब्रिटनमध्ये काही जण हा प्रसंग साम्राज्याचं समर्थन म्हणून पुढे करतात. पण पडद्यावर नीट बघा. यादी सांगणाऱ्या एकालाही रोमनांनी राहावं असं वाटत नाही. कालवे मोजून झाल्यावरही बैठक त्यांना हाकलण्यासाठीच चालू राहते. शिवाय ब्रिटन स्वतः कधीकाळी रोमनांचा प्रांत होता, आणि इथे नट एकाच वेळी राज्यकर्तेही झाले आहेत आणि प्रजाही. मी खैबरपेक्षा ब्रायन निवडीन, आणि भारतीय मित्रांबरोबर बघायला सांगीन, कारण चित्रपट संपल्यावर तासभर तरी वाद होतो.

तर मग भाचीला काय सांगितलं

निवड करताना माझ्या मनात एक तारीख घोळत होती. 'पासपोर्ट टू पिमलिको'चं बाहेरचं चित्रण १९४८ च्या उन्हाळ्यात झालं, आणि ते पिमलिकोत झालंच नाही. नदीपलीकडे लँबेथमध्ये बॉम्बने मोकळ्या झालेल्या जागेवर गल्ली उभारली होती. त्याच उन्हाळ्यात, २२ जूनला, 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरची शेकडो माणसं लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरली. त्यांच्यातल्या ज्यांना राहायला जागा नव्हती त्यांना क्लॅपहॅमच्या खोल भुयारी आश्रयस्थानात उतरवलं गेलं, आणि कामासाठी ती ब्रिक्स्टनच्या रोजगार केंद्रावर जाऊ लागली. ब्रिक्स्टन हाही लँबेथचाच भाग. संसदेने नवा नागरिकत्व कायदा केला तोही त्याच वर्षी. एकाच भागात, एकाच उन्हाळ्यात, काही माणसं 'आम्ही कुठले' हा खेळ कॅमेऱ्यासमोर खेळत होती, आणि दुसरी माणसं तोच प्रश्न खिशातल्या कागदपत्रांसकट घेऊन रांगेत उभी होती. ती रांग ईलिंगच्या विनोदात कुठेच नाही. वरच्या आठही चित्रपटांत तिला जागा नाही.

म्हणून आठांच्या यादीत एक नववं नाव घातलं. 'भाजी ऑन द बीच', १९९३. दिग्दर्शिका गुरिंदर चढ्ढा, जन्म नैरोबीचा. लेखिका मीरा स्याल. बर्मिंगहॅमहून भारतीय बायकांची एक टोळी मिनीबसने ब्लॅकपूलच्या समुद्रावर एका दिवसाच्या सहलीला जाते. त्यात आजी-मावश्या आहेत, नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेली एक तरुण आई आहे, दिवस गेलेली आणि ते घरी न सांगू शकणारी एक मुलगी आहे. सगळं हसवणारं नाही, आणि ते तसं असू नयेच. पण ब्लॅकपूल म्हणजे चावट पोस्टकार्डांचा, 'कॅरी ऑन'चा, कामगारांच्या सुट्टीचा किनारा. ब्रिटिश माणसाचा त्याहून ब्रिटिश कोपरा दाखवणं कठीण. तिथे सलवार-कमीज आणि साडीतल्या बायका चिप्सवर तिखट भुरभुरतात.

कलाकृती म्हणून हा 'लेडीकिलर्स'च्या तोडीचा नाही. पण बर्मिंगहॅमला निघालेल्या मुलीला एका संध्याकाळी दोनच बघायचे आहेत. म्हणून आधी 'पासपोर्ट टू पिमलिको', मग जेवण, मग 'भाजी ऑन द बीच', असं मी सांगितलं. 'लेडीकिलर्स' तिथे पोचल्यावर, पहिल्या पावसाळी रविवारी. सबटायटल इंग्रजीच लाव, हेही सांगितलं, कारण १९४९ चं लंडनचं बोलणं आणि १९९३ चं बर्मिंगहॅमचं बोलणं, दोन्ही कानाला सुरुवातीला जड जातात.

शनिवारी आम्ही दोघांनी मिळून ते पाहिले. पिमलिकोत रेशनची पुस्तकं परत वाटली जातात, जेवणाची टेबलं रस्त्यावर मांडली जातात आणि धो-धो पाऊस येतो. त्या पावसात लोक जे हसतात त्याचं भाचीला नवल वाटलं. दुसरा संपला तेव्हा साडेअकरा झाले होते. ब्लॅकपूलच्या दिव्यांखालून मिनीबस परतीला लागली होती, आणि ती म्हणाली, "मामा, माझं वसतिगृह त्या बायकांच्या वस्तीपासून किती लांब असेल?" मग आम्ही नकाशा उघडून बसलो.